अनवाणी हिवाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नवरात्रानंतर दरवर्षी या सदराकडे पायांविषयीची पत्रं येतात. कुणी नऊ दिवस अनवाणी राहिलेलं असतं, कुणी कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलेलं असतं, आणि पुढे थंडीतही हे चालू ठेवावं असं त्यांना वाटत असतं. यंदा आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या कामी येतील, ती इथे घेतली आहेत. मजकूर वाचकांचाच आहे, थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : नवरात्रात नऊ दिवस अनवाणी होतो, नंतर पुन्हा बूट सुरू झाले. आता हिवाळाभर रोज थोडं अनवाणी चालायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, उदगीर

सुरुवात पहिल्यापासूनच करा. महिनाभर बूट घातले की तळव्याची कातडी पुन्हा मऊ पडते, त्यामुळे नवरात्रातल्या नऊ दिवसांचा भरवसा धरू नका.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सवय लागायची असते आणि तिघींचा वेग सारखा नसतो. तळव्याची कातडी महिना-दीड महिन्यात जाड होऊ लागते. पोटऱ्या आणि पावलातले छोटे स्नायू तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. हाडं सगळ्यांत सावकाश सरावतात. थंडीची बोच मात्र रोज गेल्यास दोन-तीन आठवड्यांतच कमी वाटू लागते. घात इथेच होतो. थंडी सोसली आणि कातडीही टणक झाली की माणूस अंतर दुप्पट करतो. हाडं तेवढी तयार नसतात.

म्हणून आठवड्याला एकच गोष्ट वाढवा : वेळ, नाहीतर जमीन, नाहीतर थंडी.

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, ऊन वर आल्यावर, साडेनऊ-दहाच्या सुमारास. जागा कोरड्या मातीची किंवा सारवलेल्या अंगणाची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा ते वीस मिनिटं पांदणीने चाला. बैलगाडीच्या चाकोरीतला फुफाटा नवख्या पायाला सर्वांत सोयीचा असतो, पण तो वरून मऊ दिसला तरी त्यात काटा दडतो, म्हणून नजर दोन पावलं पुढे ठेवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अर्धा तास, आणि त्यातली शंभरेक पावलं मुरमावर. मुरमाने पाय लवकर शिकतो, कारण प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं. त्यानंतर दर आठवड्याला अर्धा तास लवकर निघत सूर्योदयाच्या जवळ या. हे सगळं कार्तिकात सुरू केलं तर पौषातली खरी थंडी पडेपर्यंत पाय बऱ्यापैकी तयार होतात. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी घ्याच.

खडी टाकलेला नवा रस्ता, तुरीचं किंवा सोयाबीनचं काढणी झालेलं रान आणि ज्वारीची धसकटं यांच्या वाटेला जाऊ नका. तुरीचा तिरपा कापलेला खुंट चपलेतूनही आत शिरतो, तिथे वर्षानुवर्षं अनवाणी चालणाराही जपून पाय टाकतो.

चाल बदलावी लागते. बुटात आपण टाच आपटून लांब पावलं टाकतो. अनवाणी चालताना पाऊल आखूड ठेवा, म्हणजे ते गुडघ्याच्या फार पुढे पडत नाही. टाच टेकली तरी चालते, ती आपटायची नाही. पाय ओढू नका, उचला. ओढल्याने चवड्याखाली घर्षण होऊन फोड येतो. फोडाच्या आधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं, आणि ते वाटताच त्या दिवसाचं चालणं थांबवलं तर फोड टळतो.

पहिल्या पंधरवड्यात पोटऱ्या दुखणं स्वाभाविक आहे, दोन दिवसांत ओसरतात. टाचेच्या वरची जाड शीर सकाळी ताठ वाटू लागली तर अंतर निम्मं करा. सर्वांत सावध राहायचं ते पावलाच्या वरच्या बाजूच्या दुखण्यापासून. बोटाने एक नेमकी जागा दाबून दाखवता येत असेल आणि चालताना तीच वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. चालणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. असा तडा पहिले दोन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं असेपर्यंत पुन्हा सुरू करू नका.

प्रश्न : पहाटे सहाला मैदानावर अनवाणी चालते. पाचच मिनिटांत बोटं बधिर होतात. पुढे चालत राहिलं की काही जाणवतच नाही, म्हणजे सवय झाली असं समजायचं का? संध्याकाळी बोटं लाल होऊन खाजतात.
— एक वाचक, परभणी

नाही. ही सवय नाही, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर तुमचंच आहे.

अनवाणी पायाचं संरक्षण कातडीच्या जाडीपेक्षा तिच्या संवेदनेवर अवलंबून असतं. खडा टोचला की पाऊल आपोआप वजन दुसरीकडे घेतं. घट्टे पडले की संवेदना मरते असा समज आहे, तो खरा नाही. केनियातल्या अनवाणी आणि पादत्राणं घालणाऱ्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. जाड घट्टे असलेल्या पायांना जमिनीचा स्पर्श तेवढाच कळतो, असं त्यात दिसलं. थंडीने बधिर झालेल्या पायाला मात्र तो कळत नाही. काच रुतली तरी घरी येऊन रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

आता थंडीविषयी. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. वर्तमानपत्रातलं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरचं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताच्या पात्यावरचं तापमान त्याहून तीन ते पाच अंशांनी खाली जातं. म्हणजे बातमीत नऊ अंश असतील तर तुमच्या तळव्याखाली चार-पाच असू शकतात. त्यात दहिवर. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणून ओलं गवत कोरड्या मातीपेक्षा फार लवकर पाय गारठवतं. शहाबादी फरशी आणि सिमेंटचा कट्टाही तसाच. थंडीत सर्वांत ऊबदार जमीन म्हणजे कोरडी, भुसभुशीत माती. तुम्ही अडचणीची वेळ आणि अडचणीची जागा दोन्ही एकदम निवडली आहेत.

असं करून पाहा. आधी बूट घालून पाच-सात मिनिटं झपझप चाला. स्वेटर आणि कानटोपी हवीच, कारण धड गार पडलं की शरीर हातापायांचं रक्त आवरून घेतं. निघण्याआधी अर्धा तास तंबाखू, मिश्री, बिडी काही नको, निकोटिनने पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग बूट हातात घेऊन कोरड्या मातीवर चाला. पहिली काही मिनिटं बोच जाणवते. पाच ते दहा मिनिटांत पावलं लालसर होऊन आतून ऊब आल्यासारखी वाटली, तर रक्त खाली पोचलं आहे, चालत राहा. दहा मिनिटांतही ऊब आली नाही तर त्या दिवशी बूट घाला.

मध्येमध्ये थांबून डोळे मिटा आणि अंगठा जमिनीवर घासा. माती, खडा, काडी यांतला फरक कळतो का पाहा. कळत नसेल तर चालणं तिथेच संपलं. बोटं पांढरी पडली असतील तर ताबडतोब घरी.

एक नीट लक्षात घ्या. रोजच्या थंडीने बोच कमी वाटू लागते, पण रक्तवाहिन्यांची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. थंडी कमी जाणवणं आणि इजा कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी आल्यावर पाय पुसून कोरडे करा, सुती मोजे घाला आणि हळूहळू गरम होऊ द्या. शेकोटी, हीटर किंवा कढत पाणी नको. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही, आणि गारठलेली बोटं एकदम शेकली की काही तासांनी लाल-जांभळ्या, खाजऱ्या गाठी येतात. तुमच्या वर्णनावरून तोच त्रास दिसतो. गोठणबिंदूच्या वरच्या पण ओलसर थंडीत तो होतो. न खाजवता पाय कोरडे आणि उबदार ठेवले तर बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. तोवर अनवाणी चालणं बंद. बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल अशी रंग बदलत असतील, तर ती वेगळी तक्रार आहे. डॉक्टरांना दाखवा आणि थंडीत पाय उघडे ठेवू नका.

प्रश्न : सकाळी दवावर अनवाणी चालल्याने चष्म्याचा नंबर जातो का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जात नाही. नंबर डोळ्याच्या आकारावर आणि आतल्या भिंगावर ठरतो, तळव्याशी त्याचा संबंध नाही. सकाळी चालणं चांगलं आहे, ते त्यासाठी म्हणून करा. उद्यानाच्या हिरवळीवर तुटक्या काचा आणि तारा असतात, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : टाचांना खोल भेगा पडतात, कधी रक्तही येतं. अनवाणी चालल्याने त्या वाढतील की टाच टणक होऊन जातील?
— एक वाचक, सेलू

भेगा उघड्या असताना चाललात तर वाढतील. आधी भरून आणा.

तळव्याला तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या असतात. आपल्याकडे हिवाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे कातडी वाळते. चालताना वजन पडलं की टाचेतली चरबीची गादी बाजूंना पसरते. कडेची जाड, वाळलेली कातडी ताणली जात नाही आणि चिरते. पौषात काळी जमीन जशी भेगाळते तशीच ही टाच. म्हणजे कातडी जाड असायला हरकत नाही, ती लवचिक हवी.

रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा. वजरीने फक्त कडेचा पांढरा, वाळका भाग हलक्या हाताने घासा, तेही आठवड्यातून एकदाच. रोज घासलं तर अनवाणी चालण्यासाठी कमावलेली कातडी तुम्हीच काढून टाकाल. ब्लेड लावू नका. पाय पुसून थोडे ओलसर असतानाच मलम लावा आणि सुती मोजे घालून झोपा.

मलम घरी होतं. करडईचं किंवा तिळाचं तेल १०० ग्रॅम आणि मधमाश्यांचं शुद्ध मेण २० ग्रॅम घ्या. एका पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवा, वाटीत मेण आणि तेल घाला. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर ठेवायची गरज नाही. एकजीव झालं की बरणीत ओता. थंडीत फार घट्ट झालं तर पुन्हा वितळवून चमचाभर तेल वाढवा. मेणबत्तीचं मेण घेऊ नका. कोकमतेल मिळत असेल तर तेही उत्तम, थोडं गरम करून भेगेत भरा. विकतच्या मलमांत दहा ते वीस टक्के युरिया असलेलं चांगलं काम करतं, पण रक्त येत असलेल्या भेगेवर ते झोंबतं. आधी भेग मिटू द्या.

बिब्ब्याचा चटका भेगांना देतात, तो देऊ नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि काहींना अंगभर पुरळ उठतं.

आणखी एक. भेगा असताना हरभऱ्याच्या रानात अनवाणी शिरू नका. हरभऱ्यावरची आंब म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, दहिवरात मिसळून ती पायाला लागते आणि भेगांत झोंबते. गेलातच तर बाहेर आल्यावर साध्या पाण्याने पाय धुवा. मलम लावलेले पाय घेऊन बाहेरही जाऊ नका, पाय घसरतो आणि धूळ भेगेत बसते.

प्रश्न : कॅनॉलचं पाणी आणि रात्रीची वीज, त्यामुळे गव्हाला रात्रीच पाणी द्यावं लागतं. गमबूट काळ्या रानात रुततात म्हणून अनवाणीच दारे धरतो. पाय पांढरे पडतात, बोटांत चिखल्या झाल्या आहेत. यानेच पाय तयार होतील ना?
— एक शेतकरी वाचक, परभणी जिल्हा

याने पाय तयार होत नाहीत, झिजतात. चालताना पोटरीचे स्नायू रक्त फिरवतात. दारे धरताना माणूस बराच वेळ गार चिखलात उभा असतो. तासन्‌तास ओल आणि गारठा मिळाला की कातडी फुगून पांढरी, सुरकुतलेली होते आणि काडीनेही फाटते. हे आठवडेच्या आठवडे चाललं तर नसांना इजा होऊन पाय कायम बधिर किंवा आगीसारखे जळजळते राहू शकतात.

गमबूट एक नंबर मोठा घ्या, आत लोकरी मोजे घाला, दुसरा कोरडा जोड पिशवीत ठेवा. ओल्या वाफ्यातून चालण्याऐवजी वरंब्याने आणि बांधाने जा, दार फोडायला तेवढं खाली उतरा. बूट रुतला तर सरळ वर ओढू नका, आधी टाच वळवून हवा आत जाऊ द्या. अनवाणीच राहावं लागलं तर दर पाऊण तासाने कोरड्यावर या, पाय पुसा, पोटऱ्या चोळा, दहा मिनिटं चाला.

चिखल्यांसाठी बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा आणि एक टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा चार आठवडे लावा. खाज थांबली म्हणून आठवड्यात सोडलं तर त्या पुन्हा येतात.

यापुढचं मात्र जिवाशी गाठ असलेलं आहे. ओल्या अनवाणी पायाने मोटरच्या स्टार्टरला हात लावू नका. कोरड्या कातडीचा विजेला जो अडसर असतो तो ओल्या कातडीत फार कमी होतो, आणि गळती असेल तर प्रवाह अंगातून थेट जमिनीत जातो. पेटीसमोर कोरडा लाकडी पाट किंवा रबरी चटई कायम ठेवा, पाय पुसून कोरड्या चपलेने त्यावर उभे राहा आणि हातही कोरडे करा. पेटीचं अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या, पाट हा त्याला पर्याय नाही. बांधावरून बॅटरीशिवाय चालू नका, घोणस थंडीतही फिरते. साप चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांनाही सोबत अनवाणी न्यावं का?
— एक वाचक, जालना

नेऊ नका. अंगणातही नाही. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते आणि ज्याची जाते त्याला ते कळत नाही. टोचलेला खिळा चालता चालता आत जातो, जखम चिघळते, आणि पुढे बोट किंवा पाय काढण्याची वेळ येऊ शकते.

घरी एक साधी तपासणी करता येते. वडिलांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा, दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांकडे न्या. तिथे दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने नीट तपासणी होते. सहाही ठिकाणी कळलं तरी आमचं उत्तर बदलत नाही, मधुमेहात पाय झाकलेलाच हवा. देवळात चपला काढाव्याच लागतात, तिथे चालत असेल तर जाड, फिक्या रंगाचे मोजे घालू द्या आणि घरी आल्यावर तळवे उजेडात पाहा. फिक्या मोज्यावर रक्ताचा ठिपकाही दिसतो.

कुष्ठरोग होऊन गेलेले आणि दारूने पायाच्या नसा कमजोर झालेले, यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : काटा मोडला तर रुईचा चीक लावतात, ते बरोबर का? काटा नीट कसा काढायचा?
— एक वाचक, पाटोदा

चिकाने कातडी चुरचुरते आणि सुजते, काटा त्याने बाहेर येत नाही. डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तो नकोच.

चालायला जाताना खिशात सुई, टोकदार चिमटा आणि स्पिरिटचा बोळा असावा. पाय साबणाने धुवा, सुई-चिमटा स्पिरिटने पुसा. काटा कोणत्या दिशेने शिरला ते पाहून त्याच्या लांबीवरची वरची मेलेली कातडी सुईने उघडा, टोक मोकळं झालं की ज्या कोनात तो शिरला त्याच कोनात ओढा. आडवा ओढला की बाभळीचा काटा आत मोडतो. जागा दाबून काटा पिळायचा प्रयत्न करू नका, तो खोल जातो. सराटा सरळ वर उपटा आणि त्याची नांगी आत राहिली नाही ना, ते बोट फिरवून पाहा. कुसळाला उलट केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं. ते बुडाशी धरूनच काढावं लागतं. वेड्या बाभळीचा काटा चपलेचा तळही भेदतो आणि त्याची सूज बरेच दिवस राहते.

सांध्याजवळ शिरलेला, दिसत नसलेला किंवा दोन दिवसांनी ठणकणारा काटा घरी उकरू नका. काटा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. धनुर्वाताचा डोस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर मातीने भरलेल्या जखमेनंतर पुन्हा घ्यावा लागतो.

काट्याच्या जागी काही महिन्यांनी न दुखणारी गाठ आली, तिला छिद्रं पडली आणि त्यातून काळे, पांढरे किंवा लाल कण येऊ लागले, तर तो मदुरा फूट नावाचा आजार असू शकतो. काट्याबरोबर मातीतली बुरशी किंवा जिवाणू आत गेल्याने तो होतो. दुखत नाही म्हणून लोक वर्ष-वर्ष थांबतात, तोवर तो हाडात उतरतो. गाठ लहान असतानाच दाखवा.

प्रश्न : मुलं अंगणात आणि वाड्यात थंडीतही अनवाणी असतात. चालेल ना?
— एक वाचक, हिंगोली

कोरड्या, उन्हातल्या अंगणात चालेल, मुलांच्या पावलांना ते चांगलंच आहे. उघड्यावर शौचाला जातात त्या बाजूची ओलसर, सावलीतली माती मात्र वर्ज्य. आकडीकृमीच्या अळ्या तिथून कातडीतून शिरतात आणि मुलांचं रक्त कमी होतं. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका.

प्रश्न : वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षात रानात जाऊन पूजा-जेवण करतात त्या सणाला, पुण्याहून गावी येणार आहोत. रानापर्यंत आणि दिवसभर रानात अनवाणी राहायचं ठरवलंय. आधी सराव नाही.
— एक वाचक, औसा

रानापर्यंतची वाट चपलेनेच या, नवख्या पायाला ते अंतर पहिल्याच दिवशी झेपत नाही. पूजेच्या कडब्याच्या कोपीभोवतीची जागा आधी झाडून, धसकटं उपटून घ्या आणि दहानंतर तिथे अनवाणी राहा. भज्जी-आंबिलीचं जेवण झाल्यावर ऊन असेपर्यंत बांधावरून एक फेरी मारा, तेवढं पुरे. ज्वारीत उतरणार असाल तर ओळीच्या मधोमध चाला, करडईच्या पट्ट्यापासून दूर राहा, तिच्या पानांना आणि बोंडांना काटे असतात. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, पेटवून शिवाराला फेरी मारताना चप्पल आठवणीने घाला. पुढच्याचे निखारे मागच्याच्या पायाखाली येतात, आणि पळताना अंधारात खुंट दिसत नाहीत.